गुलाब उमलविण्याची कारागिरी

माझा धंदा कापडाचा. मंडपवाल्यांना लागणारे साटन, नेट आणि वेलवेट विकण्यात पुण्याच्या रविवार पेठेत माझी तीस वर्षे गेली. फुलांशी माझा संबंध एवढाच, की माझे कापड जेथे टांगले जाते तेथेच फुलेही लावली जातात. तेव्हा या पानावर गुलाबाविषयी लिहावयास मी बसलो याचे काही व्यापारी मित्रांना नवल वाटेल. परंतु आपल्यातील बरीच घरे गजरे, हार आणि सेहऱ्यांच्या कामावर चालतात, आणि त्यांच्या हातातले एक हुन्नर फुकट जात आहे असे मला दिसले, म्हणून हा लेख.

डिसेंबर २०१८ मध्ये माझ्या थोरल्या मुलाचा वलीमा होता. मंचामागचा पडदा माझ्याच दुकानातला, मोतिया रंगाच्या साटनचा. त्यावर मधोमध सव्वा मीटर लांबी-रुंदीची लाल गुलाबांची चौकट लावावयाची ठरली होती. डेकोरेटरने तीस जुड्या आणल्या. एका जुडीत वीस देठ, म्हणजे सहाशे गुलाब. ते दुपारी चार वाजता शीतगृहातून निघाले आणि पाचला स्पंजात खोचले गेले. सगळ्या कळ्या घट्ट मिटलेल्या. दहा हातांवरून पाहिले तर गुलाब नव्हेच, लाल ठिपके दिसत होते आणि ठिपक्यांच्या मधून हिरवा स्पंज डोकावत होता. मगरिबनंतर दिवे लागले तेव्हा कितीतरी फुलांनी माना टाकल्या. सहाशे गुलाबांचे पैसे मोजले आणि उमललेला गुलाब एकही पाहिला नाही.

पाहुण्यांत आमच्या मोहल्ल्यातील एक खाला होत्या. चाळीस वर्षे गजरे आणि सेहरे ओवीत आलेल्या. त्यांनी एक बादली कोमट पाणी मागितले, माना टाकलेल्यांपैकी चाळीस गुलाब उतरवून घेतले, प्रत्येकाच्या देठाचे टोक पाण्याखाली धरून कापले, दहादहा गुलाब वर्तमानपत्रात ताठ गुंडाळले आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभे केले. मी म्हणालो, "खाला, आता काय उपयोग? तासाभरात लोक जेवायला बसतील." त्या म्हणाल्या, "बेटा, फूल को पहले पानी पिलाव, बाद में हात लगाव." तासाभराने बहुतेक फुले ताठ झाली होती. मग त्यांनी मांडीवर ओला रुमाल अंथरला आणि एकेका गुलाबाच्या पाकळ्या बाहेर वळवीत गेल्या. सुपारीएवढी कळी पाहता पाहता पुरीएवढी झाली. ती फुले वरवधूच्या खुर्च्यांभोवती लागली. त्या दिवशीच्या छायाचित्रांत गुलाब म्हणून जे काही दिसते ते तेवढेच.

हे कोठे शिकलात, असे विचारले तेव्हा कळले की त्यांचे वालिद सेहऱ्याच्या माथ्यावरचे एक फूल मोठे दिसावे म्हणून असेच उलटवीत असत. खालांना वाटत होते की हे काही विशेष नाही. त्यांना मजुरी मिळते ती ओवलेल्या माळेच्या नगावर. फूल उघडण्याचे कोणी काही देत नाही. तेव्हापासून मी हे काम ध्यान देऊन पाहत आलो, मार्केट यार्डच्या फूलबाजारात आणि मावळातल्या पॉलिहाऊसवर जाऊन विचारत आलो. जे समजले ते क्रमाने सांगतो.

पूर्वी आपल्या बाजारात गुलाब म्हणजे उघड्या शेतातला, ग्लॅडिएटरसारखा. तो बाजारात येईपर्यंत अर्धा उमललेला असे आणि दुसऱ्या दिवशी गळू लागे. १९९१ नंतर पुण्याच्या आसपास पॉलिहाऊसची शेती वाढली आणि तळेगाव दाभाडेकडचा तथाकथित डच गुलाब आला. लाल रंगात ताजमहाल आणि टॉप सीक्रेट, पिवळ्यात गोल्ड स्ट्राइक, पांढऱ्यात अव्हेलांच, ही नावे आज बुकेवाल्याच्या तोंडी असतात. हा गुलाब दूरच्या प्रवासासाठी तयार होतो, म्हणून मिटलेला तोडतात. शेतावर कळीला जाळीची टोपीही घालतात, त्यामुळे कळी लवकर न फुटता आकाराने भरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मिटलेली कळी प्रवासात मार खात नाही. पण मंचावर जावयाचा गुलाब आणि ट्रकमध्ये जावयाचा गुलाब यांत फरक आहे, आणि तो फरक भरून काढण्याचे काम मधल्या कोणीतरी करावयाचे असते. आमच्या धंद्यात गिरणीतून आलेले कोरे कापड कोणी तसेच अंगावर घालीत नाही. ते धुतले जाते, रंगते, कापले जाते. बाजारातली मिटलेली कळी हा तसाच कोरा माल आहे.

खरेदीपासून चुकत जाते. ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी गुलाब आणू नयेत. दोन दिवस आधी आणावेत, थंडी कडक असेल तर तीन. जुडीला पुठ्ठा गुंडाळलेला असतो, तो सैल करून फुलाच्या बुडाशी, हिरव्या पानांच्या जरा वर, दोन बोटांनी हलकेच दाबून पाहावे. दगडासारखी कडक कळी पुष्कळदा उमलतच नाही, कारण ती वेळेआधी तोडलेली असते. बोटाला जरा नमणारी, कापसाच्या आवळ गाठोड्यासारखी लागणारी कळी घ्यावी. कळीखालची हिरवी पाने खाली वळलेली असणे हीही चांगली खूण. ती कळीला घट्ट चिकटून उभी असतील तर माल कच्चा समजावा. बुडाशी अगदी पिचपिचीत लागला तर तो शीतगृहात फार दिवस राहिलेला असतो. त्याच्या पाकळ्या हात लावताच हातात येतात. चौदा फेब्रुवारीच्या आधीचे पंधरा दिवस माल परदेशी आणि मोठ्या शहरांकडे ओढला जातो आणि भाव चढतो. त्या दिवसांत कार्य असेल तर ग्राहकास आधीच दुसरे फूल सुचवावे हे बरे.

घरी आणल्यावर पहिले काम पाण्याचे. उर्दू शाळेत आम्हांस मौलवीसाहेबांनी शिकविले होते की गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. मूळ फारसीत गुलाब हे गुलाबजलाचे नाव, आपल्याकडे ते फुलालाच लागले. मला वाटते हे नाव फुलवाल्यांनी रोज आठवावे, कारण गुलाब उमलतो तो पाण्याने. कळीच्या पाकळ्यांत साठलेल्या पिठूळ अंशाची साखर होते, ती साखर पाणी ओढून घेते, पेशी फुगतात आणि पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते, म्हणून पाकळी बाहेर कलते. देठातून पाणी वर गेले नाही तर यातले काहीच होत नाही, मग वरून कितीही शिंपा. शिंपडलेल्या पाण्याचे थेंब पाकळीवर राहिले तर उलट तपकिरी डाग पडतात आणि बुरशी धरते. हातगाडीवर फुले ताजी दिसावीत म्हणून सारखे पाणी मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

देठ कापण्यास धारदार चाकू किंवा बागेची कात्री घ्यावी. शिवणकामाची कात्री देठ चेपते आणि पाण्याच्या नळ्या बंद होतात. टोकाकडून दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावे आणि लगेच पाण्यात ठेवावे. शक्य तर पाण्याखालीच कापावे, म्हणजे देठात हवा शिरत नाही. मान टाकलेल्या गुलाबाच्या देठात बहुधा हवेचा बुडबुडा किंवा घाण अडकलेली असते. पाण्यात बुडणारी पाने आणि काटे काढून टाकावेत, पण सालपट निघू देऊ नये. बादली साबणाने घासलेली हवी. आदल्या आठवड्याची हिरवी झालेली बादली म्हणजे नव्या मालाला विष.

पाणी कोमट असावे, हाताला सुखकर वाटेल इतके, चाळीस अंशांच्या आसपास. कोमट पाणी देठातून लवकर वर चढते. बाजारात फुलांच्या खाद्याच्या पुड्या मिळतात, त्या उत्तम. त्या नसतील तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा कपड्यांचे साधे ब्लीच. ब्लीच आणि लिंबाचा रस एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत, विषारी वायू निघतो. आधी एक वस्तू पूर्ण पाण्यात ढवळावी, मग दुसरी, आणि काम उघड्या हवेत करावे. नुसती साखर घालणारे पुष्कळ दिसतात. साखर फुलाबरोबर जंतूंनाही पोसते आणि दुसऱ्या दिवशी देठाचे तोंड चिकट होऊन बंद पडते.

पहिले तीन-चार तास गुलाब सावलीत, वारा न लागेल असे ठेवावेत. मग खोलीतच राहू द्यावेत, वीस-पंचवीस अंशांत. तेथे चांगली कळी एक ते दोन दिवसांत अर्धी उमलते. त्याहून लवकर हवी असेल तर पाणी पुन्हा कोमट करावे, देठ पुन्हा कापावे आणि बादली उबदार बंद खोलीत ठेवावी. काहीजण वरून प्लॅस्टिकची मोठी पिशवी सैल टाकतात. त्याने काम होते, पण तासाभरात पिशवी काढावी, नाहीतर आतल्या वाफेचे थेंब फुलांवर पडतात. उलट मे महिन्यात फूल आपणहून भराभर पुढे जाते. तेव्हा अर्धे उमलताच थंड जागी हलवावे. उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट. पिकत घातलेल्या आंब्यांची पेटी त्याच खोलीत ठेवू नये. पिकत्या फळांतून जो वायू निघतो त्याने फूल लवकर म्हातारे होते आणि पाकळ्या गळतात. आपल्या घरांत एकच खोली रिकामी असते आणि आंबाही तेथेच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता हाताचे काम. हे कार्यक्रमाच्या दिवशीच, चार-सहा तास आधी करावे, त्याआधी नाही. फूल खोलीच्या हवेइतके ऊबदार आणि पाणी प्यालेले हवे. शीतगृहातून काढलेली पाकळी कडक असते, वळवू गेले की कडाडून मोडते. हात धुतलेले, नखे कापलेली, आणि अत्तर, तेल, मलम काही लावलेले नसावे.

सर्वांत बाहेरच्या एक-दोन पाकळ्या जाड, हिरवट आणि डागाळलेल्या असतात. त्या निसर्गाने राखणीसाठी दिलेल्या आहेत, म्हणून प्रवासभर ठेवाव्यात आणि आता बुडाशी धरून बाजूला ओढून काढाव्यात. सरळ खाली ओढले तर शेजारची पाकळीही येते. मग देठ दोन्ही तळहातांत धरून रवी घुसळल्यासारखा मागेपुढे फिरवावा. पाकळ्या एकमेकींपासून सुटतात. फुलाच्या मध्यात हळू फुंकर घातली तरी पाकळ्या सैल होतात. केस वाळविण्याचे यंत्र गरम हवेवर चालवू नये, कडा करपतात.

यानंतर डाव्या हाताच्या तळव्यात फुलाचे बूड ठेवावे. उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या पाकळीच्या पाठीवर, मध्याच्या जरा खाली, टेकवावा. तर्जनी आणि मधले बोट पाकळीच्या आतून घालून तिची वरची कड अंगठ्यावरून मागे वळवावी. वाटीसारखी आत वळलेली पाकळी हलका झटका देऊन उलटी होते, जशी टोपी उलटी करतात तशी. जोर बोटांच्या पोटाचा असावा, नखाचा नाही, आणि ओढ वरची नसून वळवण्याची असावी. जो शिंपी कॉलर उलटवताना टोकाला सुई न टोचता अंगठ्याचा आधार देतो, त्याला हे एका दिवसात येईल. पाकळीलाही कापडासारखी उभी धार असते. ती बुडापासून कडेकडे जाते. तिच्या आडवे चेपले की घडी पडते आणि ती घडी तासाभरात काळी होते.

बाहेरचा पहिला फेर पूर्ण करावा, पाकळी एकाआड एक घेत नाही तर ओळीने, म्हणजे फूल एका बाजूस कलत नाही. दुसऱ्या फेरात पाकळी पहिल्याइतकी सपाट करू नये, थोडी उभी राहू द्यावी. बहुधा आठ ते बारा पाकळ्या पुरेत. आतला गाभा मिटलेलाच राहावा. नवशिका कारागीर येथेच घसरतो. उत्साहात तो मध्यापर्यंत जातो, पिवळे केसर दिसू लागतात आणि फूल ताजे उमललेले न वाटता शिळे वाटते. खाला एकदा माझ्या पुतणीला म्हणाल्या, "दिल मत खोल उस का." पुतणी लाजून हसली, पण ती गोष्ट कायम ध्यानात राहिली.

सर्व जाती सारख्या नव्हेत. अव्हेलांचच्या पाकळ्या मोठ्या आणि जाड, त्या सुरेख वळतात. मात्र पांढऱ्या पाकळीवर बोटाचा प्रत्येक दाब तपकिरी होऊन दिसतो. लाल जातींत दाब दिसत नाही पण कड लवकर काळवंडते. छोट्या, पातळ पाकळ्यांच्या जातीच्या वाटेस जाऊ नये. देशी गुलाबाचे तर हे कामच नाही, तो आपणहून उघडतो आणि उघडला की गळतो. सेहऱ्याच्या लडीत आणि हारात कळी मिटलेलीच शोभते आणि दोऱ्यावर टिकते. उमलविलेले फूल माथ्यावर, मधोमध किंवा मंचाच्या चौकटीत.

आता हिशेबाकडे येतो, कारण शेवटी पान व्यापाराचे आहे. मिटलेली कळी वरून पाहिली तर सुमारे चार सेंटिमीटर जागा व्यापते. वळवलेला गुलाब आठ सेंटिमीटर सहज व्यापतो, चांगली जात दहा. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते, हे कापड मोजणारास सांगावयास नको. एक मीटर लांब-रुंद चौकट कळ्यांनी भरावयाची तर पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे सव्वासहाशे लागतील. वळवलेल्या गुलाबांनी तीच चौकट दीडशे-एकशे साठांत भरते. म्हणजे एकतीस-बत्तीस जुड्यांच्या ठिकाणी आठ जुड्या. तुटफूट आणि न उमललेल्या कळ्या धरून दहा घ्या. उरलेल्या वीसहून अधिक जुड्यांचे पैसे कोठे गेले? ग्राहकाकडे थोडे, डेकोरेटरकडे थोडे, आणि वळवणाऱ्याच्या हाती काही नाही, असे आज बहुतेक ठिकाणी चालते. सरावलेला हात मिनिटाला एक गुलाब वळवतो. एकशे साठ गुलाबांस पावणेतीन तास लागतात, शिवाय दोन दिवस पाणी बदलण्याची मेहनत वेगळी. ही मजुरी फुलाच्या नगावर, आणि काम घेतानाच ठरली पाहिजे. ओवण्याच्या मजुरीत ती बुडवू देऊ नये.

हेही खरे, की वळवलेला गुलाब कमी टिकतो. संध्याकाळचे कार्य उत्तम निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी कडा सुकू लागतात. ग्राहकास हे आधी सांगावे. शीतगृहात आठवडाभर पडून आपणहून फाकलेला माल 'उमलवलेला' म्हणून खपविणारेही बाजारात आहेत. ओळखणे सोपे आहे, फूल उलटे धरून हलकेच झटकावे. ताज्याची पाकळी पडत नाही. एका देठावर इतर गुलाबांच्या पाकळ्या चिकटवून परातीएवढे फूल करण्याची युरोपीय पद्धतही आता येथे आली आहे. सुंदर दिसते, पण ते जोडकाम आहे हे सांगून विकावे. पॉलिस्टरला रेशीम म्हणून विकणाऱ्याची दुकाने मी उघडताना पाहिली आहेत आणि बंद होतानाही.

वाहतूक सोपी नाही. वळवलेली फुले एकमेकांस टेकली की कडा काळ्या पडतात. देठ बादलीतच ठेवून फुलांमध्ये पातळ कागद घालावा, किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून एकेक देठ त्यात सोडावा. स्पंज पाण्यावर नुसता ठेवून आपणहून बुडू द्यावा. दाबून बुडविला तर आत कोरडा राहतो आणि सारी मेहनत मंचावर मान टाकते. दहा टक्के गुलाब न वळवता बादलीत राखून ठेवावेत, आयत्या वेळी लागतातच.

खाला आता घरूनच हे काम घेतात. मोहल्ल्यातील चार मुली त्यांच्याकडे शिकतात. माझ्या पुतणीने त्यांना एक वही आखून दिली आहे. तिच्यात एका रकान्यात ओवलेल्या लडी आणि दुसऱ्या रकान्यात वळवलेले गुलाब लिहिले जातात. गेल्या लग्नसराईत दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला होता.